नदीच्या दोन्ही काठांवरचा खेळ
(ओव्हन्स अँड मरे लीगच्या इतिहासाला प्रस्तावना)

मेलबर्नचे क्रिकेट मैदान आपल्याला बॉक्सिंग डेच्या कसोटीमुळे ठाऊक असते. त्या शहराला विचाराल तर क्रिकेट हा तिथला उन्हाळ्यातला पाहुणा. हिवाळाभर मैदान असते ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचे, आणि सप्टेंबरअखेरच्या शनिवारी अंतिम सामन्याला तिथे लाखभर माणसे जमतात. गंमत अशी, की हा खेळ जन्मला क्रिकेटच्याच पोटी. टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८च्या जुलैत वर्तमानपत्राला पत्र लिहिले, की हिवाळ्यात खेळाडू सुस्तावतात, तेव्हा एखादा फुटबॉल क्लब काढावा. पुढच्या मे महिन्यात मेलबर्न क्लबाच्या मोजक्या मंडळींनी नियम कागदावर उतरवले. क्रिकेटच्याच मैदानांवर खेळायचे, म्हणून मैदान लंबगोल राहिले.

चेंडूही लंबगोल. एका बाजूला अठरा खेळाडू. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला की सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. चेंडू हातात घेऊन पळता येते, पण फेकता येत नाही; दुसऱ्याला द्यायचा तर मुठीने ठोसून द्यावा लागतो. लांबून लाथाडलेला चेंडू हवेतच झेलला तर तो ‘मार्क’, आणि मग झेलणाऱ्याला निवांत पुढची लाथ मारता येते. प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर गुडघा रोवून घेतलेला मार्क पाहण्यासाठीच निम्मे लोक तिकीट काढतात. ऑफसाइड नाही. एवढे नियम कळले तरी वाचकाचे पुढे अडणार नाही; बाकीच्यांवरून तिथले लोक दर शनिवारी पंचांशी भांडतच असतात.

हा इतिहास मेलबर्नचा नाही. मेलबर्नहून ईशान्येला सिडनीच्या रस्त्याने अडीचशे किलोमीटर गेले की वँगरॅटा लागते, आणखी थोडे पुढे मरे नदीच्या अलीकडे वोडोंगा, पलीकडे ऑल्बरी. मरे ही व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स या दोन राज्यांमधली हद्द. ओव्हन्स ही वँगरॅटावरून येऊन तिला मिळणारी लहान नदी. या दोन नद्यांच्या खोऱ्यातल्या गावांनी १८९३ साली एक फुटबॉल लीग काढली. ती आज सव्वाशेहून अधिक वर्षांची आहे. ज्या मोठ्या लीगचे सामने आता टीव्हीवर दिसतात, तिची पूर्वज असलेली व्हिक्टोरियन फुटबॉल लीग स्थापन झाली १८९६ साली आणि तिचा पहिला हंगाम झाला १८९७ला. म्हणजे गावाकडची लीग शहरातल्या लीगपेक्षा वयाने मोठी. हा मोठेपणा शहराने कधी मानला नाही, पण ऑल्बरीच्या माणसाशी बोलायला बसाल तर पहिल्या पाच मिनिटांत तो कानावर पडतो.

लीगच्या इतिहासांची एक ठरलेली मांडणी असते. विजेत्यांची यादी, सर्वाधिक गोल करणाऱ्यांची यादी, पदके, अध्यक्षांची छायाचित्रे. मला स्वतःला त्या याद्यांपेक्षा खजिनदारांच्या वह्या वाचायला जास्त आवडतात. कोणत्या साली कोणाला किती पैसे दिले, गाडीभाडे किती झाले, नवा प्रशिक्षक आणताना त्याला नोकरी कोणी लावून दिली. गावाकडच्या फुटबॉलचा खरा इतिहास मजुरी, रेल्वे, जमीन आणि स्थलांतर यांचा आहे. गोलफलकावरचे आकडे त्या हिशोबाच्या शेवटच्या रकान्यात येतात.

१८९३ हेच साल घ्या. व्हिक्टोरियातला जमिनीच्या सट्ट्याचा फुगा फुटून गेला होता, आणि त्या वर्षीच्या एप्रिल-मेमध्ये एकामागून एक बँकांनी दारे लावली. लोकांच्या ठेवी अडकल्या. अशा मंदीत या गावांनी खेळाची लीग काढली. त्याच वर्षी ३१ जुलै आणि १ ऑगस्टला, मरेच्या न्यू साउथ वेल्सकडच्या काठावर कोरोवा या छोट्या गावात एक परिषद भरली. तेव्हा ऑस्ट्रेलिया नावाचा देश नव्हता. सहा स्वतंत्र वसाहती होत्या. व्हिक्टोरियाचे धोरण संरक्षक जकातीचे, न्यू साउथ वेल्सचे मोकळ्या व्यापाराचे, आणि या दोहोंच्या कात्रीत सापडली होती नदीकाठची गावे. पुलाच्या टोकाला जकात नाका. शेतकऱ्याची बाजारपेठ पलीकडे, पण माल नेला की कर. कोरोवाच्या परिषदेत बेंडिगोचे जॉन क्विक यांनी ठराव मांडला, की संघराज्याची घटना लिहिणारी सभा लोकांनी थेट निवडून द्यावी. वर्षानुवर्षे नुसत्या भाषणांत अडकलेल्या प्रश्नाला या ठरावाने वाट मिळाली, आणि १ जानेवारी १९०१ला ऑस्ट्रेलिया हे राष्ट्र झाले.

ज्या गावांना जकातीचा जाच होता, त्याच गावांनी त्याच वर्षी दोन वसाहतींच्या खेळाडूंना एका वेळापत्रकात बसवले. लीग आणि परिषद यांचे कर्ते एकच होते असे मी म्हणत नाही. दोन्हींच्या मुळाशी रोजचे जगणे मात्र एकच होते: नदी ओलांडल्याशिवाय या लोकांचे काही भागत नसे. नकाशावरची हद्द त्यांच्या दृष्टीने सरकारी गैरसोय होती. कायद्याने तर ही हद्द पाण्याच्या मध्यावरही नाही. दक्षिण काठाच्या कडेपर्यंतची सारी नदी न्यू साउथ वेल्सची. व्हिक्टोरियाच्या काठावर बसून गळ टाकणारा माणूस शेजारच्या राज्यात मासे पकडत असतो.

रेल्वेचेही तसेच. व्हिक्टोरियाचे रूळ रुंद, न्यू साउथ वेल्सचे त्याहून अरुंद. १८८३ साली नदीवरच्या पुलाने दोन्ही मार्ग जोडले, पण मेलबर्न-सिडनी प्रवाशाला ऑल्बरीच्या लांबलचक फलाटावर गाडी बदलावीच लागे, आणि हे १९६२पर्यंत चालले. बेनाला, वँगरॅटा, चिल्टर्न, वोडोंगा ही सगळी त्याच मुख्य मार्गावरची गावे. बीचवर्थ, रदरग्लेन, यारावोंगा यांना फाटे. संघाला शनिवारी जाऊन रात्री परत येता येईल एवढाच लीगचा पसारा असू शकतो, आणि मोटारी येण्याआधी तो पसारा रुळांनीच आखून दिला होता.

गावेही एकसारखी नव्हती. बीचवर्थ हे १८५०च्या दशकातल्या सोन्याचे गाव. चिनी खाणकामगारांची मोठी वस्ती, आणि शेजारच्या बकलंड खोऱ्यात १८५७ साली त्यांच्यावर झालेला हल्ला ही त्या भागाची जुनी लाज. रदरग्लेनला आधी सोने आणि मग द्राक्षे. शतक संपता संपता फायलॉक्सेरा या किडीने तिथले मळे उजाड केले. ग्लेनरोवनला १८८० साली नेड केली हा दरोडेखोर पकडला गेला, त्याला लीगच्या स्थापनेवेळी जेमतेम तेरा वर्षे झाली होती. नेडला पाहिलेली माणसे पहिल्या सामन्यांच्या गर्दीत असणारच. सोने संपत गेले तशी खाणीची गावे मागे पडली आणि रुळांवरची, गिरण्यांची, बाजाराची गावे वर आली. बीचवर्थ आणि चिल्टर्न पुढे या लीगमधून बाहेर पडून लहान लीगांत गेली. खाण आटली, की दहा-वीस वर्षांनी संघ आटतो.

आता पैशांकडे येऊ. ऑल्बरीत १९११ साली जन्मलेला हेडन बंटन हा या मातीतला पहिला देशभर गाजलेला खेळाडू. विशी गाठण्याआधीच मेलबर्नचे क्लब त्याच्या मागे लागले. फिट्झरॉय क्लबाने नियम मोडून त्याला २२२ पौंड दिले, ते उघडकीला आले, आणि १९३०चा सगळा हंगाम त्याला बाहेर बसावे लागले. पुढच्या वर्षी तो खेळला आणि पहिल्याच हंगामात लीगमधल्या सर्वोत्तम आणि नियमाने खेळणाऱ्या खेळाडूचे ब्राउनलो पदक घेऊन गेला. १९३२ आणि १९३५ला पुन्हा. याच १९३० साली मेलबर्नच्या लीगने ‘कोल्टर कायदा’ म्हणून ओळखला जाणारा नियम केला: कोणत्याही खेळाडूला सामन्यामागे तीन पौंडांपेक्षा जास्त द्यायचे नाहीत. श्रीमंत क्लबांनी गरिबांचे खेळाडू ओढू नयेत हा त्यामागचा हेतू. परिणाम भलताच झाला. शहरात तीन पौंडांवर अडकलेला नामांकित खेळाडू पाहू लागला गावाकडे, कारण तिथल्या क्लबांना ही मर्यादा लागू नव्हती.

बंटनच्या गोष्टीला एक जोडगोष्ट आहे, आणि ती सहसा त्याच्या चरित्राच्या तळटिपेत जाते. यारावोंगाच्या खाली, मरेच्याच न्यू साउथ वेल्सकडच्या काठावर कमेरागुंजा ही आदिवासींची सरकारी वसाहत होती. तिथला फुटबॉल संघ आसपासच्या लहान लीगांमध्ये दबदबा राखून होता. १९०६ साली तिथे जन्मलेला डग निकोल्स मेलबर्नला आला, तेव्हा एका क्लबाने त्याला अंगाला वास येतो अशा सबबीवर घालवून दिले. १९३२ला तो फिट्झरॉयला आला. कपडे बदलायच्या खोलीत तो एकटाच कोपऱ्यात बसलेला असताना बंटनने, म्हणजे तेव्हाच्या सर्वात मोठ्या नावाने, त्याला आपल्याजवळ घेतले, असे त्या क्लबाच्या आठवणींत नेहमी सांगतात. एकाच नदीकाठची दोन मुले. एकाला आणण्यासाठी नियम मोडून पैसे मोजले, दुसऱ्याला दारातून परत पाठवले. निकोल्स पुढे पाळक झाले, आपल्या लोकांच्या हक्कांसाठी झगडले, १९७२ साली त्यांना सर ही पदवी मिळाली आणि १९७६ला ते दक्षिण ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झाले. १९३९च्या फेब्रुवारीत कमेरागुंजातल्या अन्नाच्या टंचाईला आणि अधिकाऱ्याच्या जुलमाला कंटाळून जवळपास दोनशे माणसे वसाहत सोडून निघाली, ती मरे ओलांडून व्हिक्टोरियात गेली. न्यू साउथ वेल्सच्या ज्या सरकारी मंडळाची त्यांच्यावर सत्ता होती, ती सत्ता त्या काठावर संपत होती. फुटबॉलवाले दर शनिवारी सहज ओलांडत होते ती हद्द यांना सुटकेची वाट म्हणून ओलांडावी लागली. या खोऱ्याच्या खेळाचा कोणताही इतिहास ही गोष्ट वगळून लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर कोल्टर कायद्याचे फळ या लीगला भरभरून मिळाले. लोकरीचा भाव चढा, वँगरॅटात कापडाच्या गिरण्या, खेळाडूला नोकरी लावून देणे सोपे. कॉलिंगवुड या मेलबर्नच्या बड्या क्लबातून मॅक होल्टन वँगरॅटाला कर्णधार आणि प्रशिक्षक म्हणून आले आणि १९४९ ते १९५२ अशी सलग चार विजेतेपदे त्यांनी गावाला मिळवून दिली. नंतर, १९५८ साली, ते याच भागातून, इंडाय मतदारसंघातून, संसदेवर निवडून गेले, १९७७पर्यंत टिकले आणि मध्यंतरी मंत्रीही झाले. साखर कारखान्याच्या अध्यक्षपदावरून विधानसभेची वाट धरणारी माणसे पाहिलेल्या मराठी वाचकाला याचे नवल वाटणार नाही. मतदारसंघातल्या प्रत्येक मैदानाच्या फाटकावर ज्याला ओळखतात, त्याला प्रचाराला पत्रके कशाला लागतात?

होल्टनना उत्तर दिले गावातल्याच दुसऱ्या क्लबाने. वँगरॅटा रोव्हर्सला या लीगमध्ये प्रवेश मिळाला १९५०ला, आणि गावाचे दोन तट पडले. १९५६ साली रोव्हर्सने बॉब रोझला आणले. रोझ कॉलिंगवुडचा, चार वेळा आपल्या क्लबाचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, १९५३च्या विजेत्या संघातला, आणि वय अवघे सत्तावीस. आजच्या हिशोबाने हा ऐन भराचा काळ. अशा वेळी देशातला अव्वल खेळाडू मोठी लीग सोडून एका बाजारगावात येतो आणि खेळाच्या सामानाचे दुकान चालवतो, हे आज कोणाला पटणार नाही. पण तेव्हा हिशोब सरळ होता. गावात प्रशिक्षकाचे मानधन आणि दुकान मिळून शहरापेक्षा जास्त सुटत असे. रोव्हर्सने १९५८ आणि १९६० अशी दोन विजेतेपदे मिळवली. १९६२च्या हंगामानंतर रोझ परत गेला आणि कॉलिंगवुडचा प्रशिक्षक झाला. त्याने मागे ठेवलेली सवय टिकली: १९७१ ते १९७९ या नऊ वर्षांत रोव्हर्सने सात वेळा लीग जिंकली. वँगरॅटात आजही घर कोणत्या क्लबाचे हे लग्न जमवताना विचारत नाहीत, पण ठाऊक असते सगळ्यांना.

वरच्या खोऱ्यातल्या मर्टलफोर्डची कहाणी निराळी. वोडोंगाजवळ बोनेगिला इथे १९४७ ते १९७१ या काळात स्थलांतरितांची छावणी होती; युरोपातून आलेली तीन लाखांहून अधिक माणसे तिथून पुढे देशभर पांगली. त्यातले आणि त्यांच्या आधी-मागे आलेले कितीतरी इटालियन मर्टलफोर्डच्या तंबाखूच्या शेतांवर वाट्याने राबले आणि मग तिथेच जमिनी घेऊन स्थिरावले. त्यांच्या पहिल्या पिढीला गोल चेंडूचा फुटबॉल प्रिय. पोरांना मात्र शाळेत लंबगोल चेंडू हाती पडला, आणि हळूहळू मर्टलफोर्डच्या संघाच्या यादीत इटालियन आडनावे दिसू लागली. १९७०चे विजेतेपद या क्लबाचे. तंबाखू आता नाही. २००६ साली सिगारेट कंपन्यांची खरेदी थांबली आणि त्या खोऱ्यातले ते पीक संपले. आडनावे संघात आहेत.

१९७०च्या दशकात दिल्लीहून, म्हणजे तिकडच्या कॅनबेराहून, वेगळेच वारे आले. पंतप्रधान व्हिटलम यांच्या सरकारने ऑल्बरी-वोडोंगा हे जुळे शहर राष्ट्रीय विकासकेंद्र म्हणून निवडले. तीन लाख वस्तीचे शहर उभारण्याचे स्वप्न होते. तेवढी वस्ती कधीच झाली नाही, पण कारखाने आले, नव्या वसाहती झाल्या आणि त्याबरोबर नवे क्लब लीगमध्ये आले: दशकाच्या अखेरीस लॅव्हिंग्टन, मग वोडोंगा रेडर्स. त्याच सुमारास नदीच्या दोन काठांवरच्या कोरोवा आणि रदरग्लेन यांना एकट्याने संघ उभा करणे जड झाले आणि ते एकत्र आले. एक क्लब, दोन राज्ये. बेनाला १९९०च्या दशकाच्या शेवटी शेजारच्या गोल्बर्न व्हॅली लीगमध्ये निघून गेले. आज लीगमध्ये दहा क्लब आहेत. त्यातले पाच जुळ्या शहरातले, दोन वँगरॅटाचे. उरलेल्या खोऱ्याच्या वाट्याला तीन: मर्टलफोर्ड, यारावोंगा आणि कोरोवा-रदरग्लेन. या एका आकड्यात मला तरी लीगच्या निम्म्या इतिहासाचे सार दिसते. शेती यंत्रांवर गेली, शेतावरची माणसे कमी झाली, शाळा आणि दवाखाने मोठ्या गावात सरकले, तरुण पोरे त्यांच्यामागे गेली.

मेलबर्नने या काळात आपली सोय लावून घेतली होती. १९६८पासून शहरी क्लबांना ग्रामीण भाग वाटून दिले गेले, आणि हे खोरे आले नॉर्थ मेलबर्नच्या वाट्याला. कोरोवा-रदरग्लेनचा जॉन लाँगमायर असाच तिकडे गेला आणि १९९० साली, विशीच्या आत, ९८ गोल करून त्या वर्षीचा सर्वाधिक गोलांचा मान त्याने मिळवला. पूर्वी ऐन भरातला रोझ गावाकडे येत असे. आता गावचा पोरगा मिसरूड फुटायच्या आत शहरात जातो. उलटा प्रवास उरला तो निवृत्तांचा. मेलबर्नच्या कार्लटन क्लबाचा गाजलेला आक्रमक ब्रेंडन फेव्होला २०१२ला यारावोंगाला आला, गर्दी खेचली, आणि त्या वर्षी व पुढच्या वर्षी गावाने विजेतेपद घेतले. दूरच्या मॅली भागात कोरडवाहू गव्हाच्या गावांत संघामागून संघ विलीन होत एक अख्खी लीग २०१५नंतर बंद पडली. त्या मानाने मरेकाठ भाग्यवान म्हणायचा. पैशांची चढाओढ इथेही हाताबाहेर जाऊ लागली, तेव्हा राज्याच्या संघटनेने बाहेरून आणलेल्या खेळाडूंवर गुणांची मर्यादा आणि मानधनावर कमाल रक्कम लावली. वँगरॅटाने मैदानावर जिंकलेले २०२२चे विजेतेपद ही रक्कम ओलांडल्याच्या ठपक्यामुळे काढून घेतले गेले. कोल्टर साहेबांना हे वाचून हसू आले असते.

आणि हद्द? ती २०२०च्या जुलैत पुन्हा उगवली. करोनामुळे न्यू साउथ वेल्सने व्हिक्टोरियाकडची सीमा बंद केली. असे याआधी घडले होते ते १९१९च्या फ्लूच्या साथीत. ऑल्बरी आणि वोडोंगा यांच्यामधल्या पुलावर पोलीस बसले. परिचारिका एका काठावर राहत होत्या, रुग्णालय दुसऱ्या काठावर. लीगचा त्या वर्षीचा हंगाम झालाच नाही. त्यानंतर २०२३ला कोरोवा-रदरग्लेनला पुरेसे खेळाडू जमेनात आणि क्लबाने एक हंगाम माघार घेतली. गावातल्या लोकांनी पुढच्या वर्षासाठी पुन्हा मोट बांधली, २०२४ला संघ परत मैदानात उतरला.

एक उणीव मात्र नोंदवायला हवी, कारण ती अशा सगळ्याच इतिहासांची आहे. लीगच्या आजच्या नावात फुटबॉलला जोडून नेटबॉल हा शब्दही आहे, आणि तो शोभेपुरता नाही. सात-सात जणींचा हा खेळ फुटबॉलच्या मैदानालगतच्या कोर्टावर, त्याच दिवशी, त्याच दोन क्लबांमध्ये होतो. मुलगी नेटबॉलला, मुलगा लहान गटाच्या फुटबॉलला, वडील फाटकावर तिकिटे फाडायला, आई उपाहारगृहात मीट-पाय गरम करायला किंवा अलीकडे क्लबाच्या समितीवर. अख्खे कुटुंब एकाच गाडीत येते, म्हणून क्लब तगतो. वर्षानुवर्षे जर्सी धुणाऱ्या, केक विकून दिव्यांचे खांब उभारणाऱ्या बायकांची नावे वार्षिक अहवालांत ‘महिला समितीचे आभार’ या एका ओळीत संपलेली आहेत. ती शोधायची तर ग्रंथालयातल्या अहवालांचा उपयोग थोडा. वँगरॅटाच्या किंवा मर्टलफोर्डच्या सत्तरी-ऐंशीतल्या बायकांकडे जाऊन बसावे लागेल, आणि हे काम येत्या चार-पाच वर्षांत कोणी हाती घेतले तरच जमेल.